फ्युनरल होम आधीच ठरवून ठेवावे का? (मध्य न्यू जर्सी)

रारीटनकाठ यांचा प्रश्न:

माझे सासरे ८६ वर्षांचे असून सध्या घरीच हॉस्पिसच्या (अखेरच्या दिवसांत रुग्णाला आराम देणाऱ्या सेवेच्या) देखरेखीखाली आहेत. पुढे काय होणार याची घरात सर्वांना कल्पना आहे आणि त्यांना स्वतःलाही आहे. ‘सगळे रीतीप्रमाणे करा, पण उगाच डामडौल नको’ एवढेच त्यांचे सांगणे आहे. आमच्या गावात मुख्य रस्त्यावर एका कुटुंबाचे जुने फ्युनरल होम (अंत्यविधीची सर्व व्यवस्था करणारे ठिकाण) आहे. आजोबांनी सुरू केलेला हा व्यवसाय आता नातू पाहतो. गावातल्या आयरिश, इटालियन आणि पोलिश घरांच्या कित्येक पिढ्यांना तिथूनच निरोप दिला गेला आहे, आणि अलीकडे आमच्या ओळखीच्या एका गुजराती कुटुंबानेही त्यांच्याकडेच विधी केला. दुसरीकडे, बऱ्याच कमी खर्चात थेट दहन करून देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातीही दिसतात. अशा जुन्या ठिकाणी आपल्या पद्धतीने अंत्यविधी कितपत नीट होतो, आणि माणूस हयात असताना जाऊन चौकशी करणे योग्य दिसते का? सासूबाईंना हा विषय काढणेच अभद्र वाटते.

विनय_एडिसन:

चौकशी जरूर करावी, आणि ती आताच करावी. ज्या मोजक्या राज्यांत अंत्यसंस्कारासाठी परवानाधारक फ्युनरल डायरेक्टर लागतोच, त्यांत न्यू जर्सी आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिरडी बांधावी आणि पालिकेचा पास घेऊन स्मशान गाठावे, असे इथे होत नाही. मृत्यूची नोंद, दहनाची परवानगी आणि दाहगृहाची वेळ हे सर्व त्यांच्यामार्फतच होते. त्यातून दाहगृह बहुधा दूरच्या एखाद्या दफनभूमीच्या आवारात असते, त्यामुळे फ्युनरल होममधला विधी आणि तिथला दाह या दोन्ही वेळा जुळवाव्या लागतात. नेमके याच कामी जुन्या स्थानिक माणसाच्या ओळखी उपयोगी पडतात.

माझ्या आईचा विधी आम्ही अशाच एका घरगुती फ्युनरल होममध्ये केला. तिला स्नान घालून नऊवारी नेसवायला माझी बहीण आणि मावशी आत गेल्या, तेव्हा त्यांनी आपली एक महिला कर्मचारी मदतीला दिली. मावशी मराठीतच सूचना देत होती आणि ती बाई खुणांवरून समजून घेऊन आईला अलगद कुशीवर वळवत होती, म्हणजे काष्टा मागे नीट खोचता यावा. दिवाणखान्यासारख्या हॉलमध्ये गालिच्यावर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. आम्ही दाराशी चपला काढतो आहोत हे पाहून मालकांनीही काही न बोलता आपले बूट काढले.

मात्र गुरुजींची आणि त्यांची आधी भेट घालून द्यावी. धूर ओळखणाऱ्या यंत्रांमुळे आत होम करता येत नाही. निरांजन आणि थोडा कापूर बहुतेक ठिकाणी चालतो. मडके फोडायचे असल्यास ते बाहेर अंगणात. गंगाजल आणि तुळशीपत्र मुखात घालता येते, पण तांब्याचा बंद गडू पेटीत ठेवू देत नाहीत, कारण तो भट्टीत फुटू शकतो. हृदयाला पेसमेकर असेल तर तेही आधीच सांगावे, तो दहनापूर्वी काढावा लागतो. दाहगृहात आपण भडाग्नी द्यायचा म्हणजे बटण दाबायचे. थोरल्या मुलाला हे ऐन वेळी कळले तर मोठा धक्का बसतो, म्हणून त्याची कल्पना त्याला आधी द्यावी.

हिशेबी:

वरील सर्व मान्य आहे, परंतु पाटीवर जुन्या कुटुंबाचे नाव आहे एवढ्यावरून दुकान अजून त्याच कुटुंबाचे आहे असे समजू नये. ह्यूस्टनची सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल ही कंपनी १९६२ पासून देशभर अशी घराणी विकत घेत आली आहे, आणि विकत घेतल्यावर जुने नाव बहुधा तसेच ठेवले जाते, कारण गावाचा विश्वास त्या नावावर असतो. तेव्हा ‘मालकी कोणाची आहे?’ हे सरळ विचारावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

दुसरी गोष्ट दराची. १९८४ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार प्रत्येक फ्युनरल होमने फोनवर विचारलेले दर सांगितलेच पाहिजेत, आणि प्रत्यक्ष गेल्यास बाबवार छापील दरपत्रक हातात दिले पाहिजे. त्यातील मूलभूत सेवाशुल्क टाळता येत नाही, बाकीचे हवे ते निवडता येते. महागडी शवपेटी घेण्याची सक्ती नाही. दहनासाठी साधी पुठ्ठ्याची किंवा प्लायवूडची पेटी चालते. एम्बामिंगही (देह टिकावा म्हणून त्यात रसायने भरणे) लागत नाही, देह शीतकक्षात ठेवला की भागते. (अमेरिकेत ही प्रथा रुजली ती यादवी युद्धात रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे देह दूरच्या गावी पाठवण्यासाठी, आपल्याला दोन-तीन दिवसांत दहन करायचे असताना तिचे काय काम?) जुन्या घराण्यांना पेटी उघडी ठेवून दर्शनाचा सोहळा करण्याची सवय असते, त्यामुळे ते एम्बामिंग सुचवतात. त्यामागे लबाडीच असते असे नाही, पण नको असेल तर स्पष्ट सांगावे. स्वस्त थेट दहनाबद्दल माझे मत एवढेच, की तिथे विधीला जागा आणि वेळ मिळत नाही. तुमच्या सासऱ्यांना रीतीप्रमाणे व्हायला हवे असेल, तर तो पर्याय बाजूला ठेवावा.

मीनल_प:

अस्थींबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते. इथे दहनानंतर उरलेली हाडे यंत्रात दळून एकसारखी पूड करून देतात. अस्थी म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे असते, ते त्या पिशवीत दिसत नाही आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन फार कष्टी होते. काही तुकडे न दळता वेगळे ठेवावेत, अशी विनंती दहनापूर्वी फ्युनरल डायरेक्टरमार्फत लेखी करता येते आणि बऱ्याच ठिकाणी ती मानली जाते. नाशिकला रामकुंडावर विसर्जन करायचे असेल, तर न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या परवानगीसाठी मृत्यूचा दाखला, दहनाचे प्रमाणपत्र आणि पासपोर्ट हाताशी ठेवा. विमानात न्यायचा कलश लाकडी किंवा प्लास्टिकचा असावा. धातूच्या कलशाच्या आत क्ष-किरणांनी दिसत नाही, आणि तपासणी करणारे तो उघडत नाहीत, मग परत पाठवतात.

सासूबाईंना सोबत नेण्याची गरज नाही. तुम्ही आणि यजमान जाऊन या. आगाऊ पैसे लगेच भरावेत असेही नाही. आपली माहिती त्यांच्याकडे नोंदवून ठेवली तरी पुष्कळ झाले. भरलेच, तर या राज्यात ती रक्कम विश्वस्त खात्यात ठेवावी लागते, ती मालकाला खर्च करता येत नाही.

रारीटनकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. मालकीबद्दल विचारायचे मला सुचलेच नसते. आणखी एक शंका अशी, की रात्री-अपरात्री प्रसंग आला तर पहिला फोन कोणाला करायचा? ९११ ला की फ्युनरल होमला?

विनय_एडिसन:

दोघांनाही नाही. पहिला फोन हॉस्पिसला करावा. त्यांची परिचारिका घरी येऊन मृत्यू घोषित करते आणि बहुधा तीच फ्युनरल होमला कळवते. म्हणून फ्युनरल होमचे नाव आणि फोन क्रमांक हॉस्पिसच्या कागदांत आजच लिहून द्या. ९११ ला फोन केल्यास पोलीस आणि रुग्णवाहिका येतात आणि नको ते प्रयत्न सुरू होऊ शकतात. फ्युनरल होमची गाडी लगेच यायला हवी असेही नाही. आमच्याकडे फोनवर स्वतः मालकच होते. दूरच्या भावंडांना दर्शन घ्यायचे असेल तर सकाळपर्यंत थांबतो, असे ते आपणहून म्हणाले. तुमच्या येथील नातवालाही पहिल्याच भेटीत हे विचारा: रात्री फोन कोण उचलते, आणि न्यायला कोण येते.