हिडकलला कणीक टिकत नसेल तर

दादा, हिडकल धरणाच्या पाण्यात गळाला लावलेला कणकेचा गोळा लगेच सुटतो म्हणालात, तर त्यात शेंगदाणा पेंडीचा चुरा मिसळा आणि पाणी अगदी बेतानं घाला. बोटाला चिकटायचं थांबलं की झालं. त्याच मिश्रणाच्या चार मुठी आधी एका जागी टाकून ठेवा आणि गळ तिथंच सोडा. सारखी जागा बदलल्यावर मासा जमणार कसा? कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. दोरीवरचं तरंगतं बूच त्या हिशोबानं सरकवा.

मागूर माशाचं गणित वेगळं. तो मिशांनी खाणं हुडकतो, म्हणून अंधार पडल्यावर गांडुळांचा झुपका नाहीतर कोंबडीचं आतडं, शिसं लावून थेट तळाला. गळ काढताना कल्ल्यामागच्या काट्याला जपा, लागला की नुसती आग आग होते बघा! आणि तिथल्या मासेमारीचा ठेका कुणाचा आहे ते विचारूनच बसा.