घोडीसह स्थलांतर: एकेन की ओकाला?

प्रश्न: निवृत्तीनंतर न्यू जर्सीहून माझ्या १४ वर्षांच्या घोडीसह दक्षिणेत स्थायिक व्हायचे आहे, स्पर्धांत रस नाही, रानवाटांवरची रपेट हवी. साउथ कॅरोलिनातील एकेन निवडावे की फ्लोरिडातील ओकाला?

उत्तर १: एकेनच. गावालगतच्या हिचकॉक वूड्स या सुमारे २,१०० एकरांच्या जंगलात मोटारींना मज्जाव आहे, वाळूची जमीन खुरांना मऊ लागते आणि गावातले काही रस्ते घोड्यांसाठी आजही मुद्दाम कच्चे ठेवले आहेत.

उत्तर २: ओकालाजवळ क्रॉस फ्लोरिडा ग्रीनवेच्या वाटा लांबलचक आहेत; मात्र तिथल्या दमट उन्हाळ्यात काही घोड्यांना घाम येणेच थांबते, आणि घामाविना त्यांचे अंग निवत नाही. थंडीत वाढलेल्या घोडीसाठी मी हा धोका पत्करणार नाही.

उत्तर ३: निघण्यापूर्वी कॉगिन्स चाचणी (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रक्तरोगासाठीची रक्ततपासणी) करून घ्यावी, निर्दोष अहवालाविना राज्याची हद्द ओलांडता येत नाही.