मदत हवी आहे: आबांसाठी अकरा हजारांच्या आत फोन. मोठी बॅटरी, जास्त स्टोरेज की सी-पिन (टाइप-सी)?

काळी_माती

नमस्कार मंडळी,

आबांचा (माझे वडील, वय ६८) फोन आजकाल चार्ज व्हायला कसरत करून घेतो. वायर एका ठरावीक कोनात वाकवायची, खाली पेपरची घडी सरकवायची आणि वर पाण्याचा तांब्या ठेवायचा. मग ती विजेची खूण येते. घरात कुणी जरा जोरात पाऊल टाकलं की खूण गेली. गेल्या आठवड्यात गावी गेले तेव्हा हा थाट पाहिला आणि नवीन फोन घ्यायचं ठरवलं. बजेट अकरा हजार, ओढूनताणून बारा.

गाव मंगळवेढा तालुक्यात, ज्वारीचा पट्टा. घर वस्तीवर, गावापासून दोनेक किलोमीटर आत. रेंज एक काडी, कधी दोन. लाइट सकाळी गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. विहिरीच्या मोटारीची थ्री-फेज कधी दिवसा तर कधी रात्री असते, त्यामुळे आबा रात्री-अपरात्री फोनच्या बॅटरीच्या उजेडात शेतात जातात. (बॅटरी म्हणजे टॉर्च. या धाग्यात दोन्ही अर्थांनी येईल, सांभाळून घ्या.)

आबांचा वापर असा: फोन, व्हॉट्सॅप, बाजारभाव, ई-पीक पाहणी (सरकारी ॲपवर पिकाची फोटोसह नोंद) आणि कीर्तनं. कीर्तनं हा गंभीर विषय आहे. गावातला एक मुलगा ३२ जीबीच्या कार्डात भरून देतो, आणि आबा संध्याकाळी ओट्यावर बसून ती मोठ्या आवाजात ऐकतात. शेजारपाजारही ऐकतात, इलाज नसतो. सिम दोन, एक बँकेशी जोडलेलं जुनं, दुसरं रेंजसाठी. दोन्ही लागतातच.

आताच्या फोनची साठवण ३२ जीबी. रब्बीच्या पीक पाहणीला मी सोबत होते. ज्वारीत उभं राहून फोटो काढायचा तर ‘स्टोरेज फुल’. मग बांधावर बसून सुप्रभातचे गुलाब, हनुमान आणि वाफाळत्या चहाचे कप एकेक करून डिलीट केले. जागा झाली तोवर चार्जिंग ४ टक्के. फोटो निघाला, अपलोड व्हायच्या आत फोन बंद. दुसऱ्या दिवशी परत.

तीन फोन निवडलेत. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा दुसरीकडेच जातो.

अ) ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ५००० एमएएच बॅटरी, बारीक पिन (व्ही-८, म्हणजे मायक्रो-यूएसबी), १० वॅट चार्जिंग. दोन सिम आणि कार्ड तिन्हीला वेगळी जागा. साडेसात हजार.

ब) ४ जीबी, १२८ जीबी, ५००० एमएएच, सी-पिन, १८ वॅट घेतो पण डब्यात १० वॅटचा चार्जर. दोन सिम आणि कार्डाची जागा वेगळी. साडेनऊ.

क) ६ जीबी, १२८ जीबी, ६००० एमएएच, सी-पिन, २५ वॅट, ५जी. डब्यात चार्जरच नाही. कार्ड घातलं तर दुसरं सिम जातं. वजन २०० ग्रॅमच्या वर. अकरा हजार आठशे.

माझा कल ‘क’कडे आहे, कारण बॅटरी सगळ्यात मोठी. आबांचा कल ‘अ’कडे, कारण घरात बारीक पिनचे चार चार्जर पडलेत आणि कार्ड बसतं. नवरा म्हणतो ब घे आणि विषय संपव. काय करू?

---

निवांत_बसलोय

६००० एमएएच घ्या, डोळे झाकून. खेड्यात बॅटरी हाच राजा.

---

वॅटमीटर

डोळे उघडे ठेवून घ्या. एमएएचच्या आकड्यावर जाऊ नका, तुमच्याकडे लाइट किती वेळ असते त्यावर जा.

लिथियम बॅटरीचा व्होल्टेज ३.८५च्या आसपास धरला तर ५००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॅट-तास, ६००० म्हणजे २३. घरात पडलेल्या जुन्या चार्जरवर बारीक अक्षरांत बघा, बहुधा ५ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेलं असेल. म्हणजे ५ वॅट. वाटेत थोडी वीज उष्णतेत जाते, ती धरून ६००० एमएएचचा फोन त्या चार्जरवर पूर्ण भरायला पाच-साडेपाच तास. एवढा वेळ सलग लाइट असते का वस्तीवर? १० वॅटवर ५००० एमएएच भरायला अडीच ते तीन तास. १८ वॅटचा खरा चार्जर असेल तर तासाभरात निम्म्याच्या वर. टाकी मोठी घेऊन नळ बारीक ठेवला तर टाकी भरणार कधी?

तेव्हा ‘क’ घेतलात तर चार्जर वेगळा घ्यावाच लागेल, म्हणजे बजेट बाराच्या पुढे. ‘ब’ घेतलात तरी १८ वॅटचा वेगळा घ्या, पण आधी फोन कोणता चार्जिंग प्रकार मानतो ते बघा. सगळे चार्जर सगळ्या फोनांशी पूर्ण वेगाने बोलत नाहीत, मग १८चा चार्जर लावूनही फोन १०च घेतो.

आणि एक काडी रेंज हे तुमच्या बॅटरीचं खरं भोक आहे. टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावून सिग्नल पाठवतो. दोन सिम म्हणजे हे दोनदा. ५जी फोन घेतलात तर नेटवर्क ४जीवर लॉक करा, नाहीतर दिवसभर तो ५जी शोधत बसेल.

---

उंबरठा

मी जर्मनीत असते. इकडे २८ डिसेंबर २०२४पासून बाजारात येणाऱ्या नव्या फोनांना सी-पिन सक्तीची झाली. जून २०२५पासून तर बॅटरीनं ८०० वेळा चार्ज झाल्यावरही निदान ८० टक्के क्षमता धरली पाहिजे असाही नियम आहे. आता कुणी बारीक पिनचा फोन घेऊच नये असं मला वाटतं.

---

काळी_माती

उंबरठा, नियम चांगला आहे, पण आबा म्हणतील, “त्या सायबाला म्हणावं चार चार्जर हिकडं पडल्यात, त्याचं काय करू?”

वॅटमीटर, टाकी-नळ पटलं. घरचे चारही चार्जर बघायला लावले. तीन ५ वॅटचे निघाले. चौथ्यावरचं उंदरानं कुरतडलंय.

---

जॅकवाला

ताई, मी तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्ती करतो. बॅटरी, स्टोरेज राहू द्या बाजूला. एक सांगा, आबा फोन ठेवतात कुठे?

---

काळी_माती

पैरणीच्या खिशात. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी त्याच खिशात.

---

जॅकवाला

वाटलंच. तुमच्या आबांसारखं महिन्याला दहा-बारा गिऱ्हाईक येतं. बॅटरी गेली म्हणून येतात, आणि बॅटरी ठणठणीत असते. मी भिंगाखाली धरून बारीक लाकडी काडीनं चार्जिंग जॅक उकरतो तर आतून हरभऱ्याच्या डाळीएवढी गोळी निघते. खिशातला कापूस, माती आणि तंबाखूचा चुरा, घट्ट दाबलेला. दर वेळी चार्जर घालताना माणूस तो आणखी आत ठोसतो. पिन पूर्ण बसत नाही, म्हणून वायर वाकवतो, म्हणून जॅकचे सांधे सैल होतात. मग तांब्या. चुना असेल तर त्याहून वाईट, ओल धरून आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात.

बारीक पिन आणि सी-पिन दोन्ही दहा हजार वेळा घालण्या-काढण्याच्या हिशोबानं बनवतात, तेव्हा कागदावर सारख्याच. फरक हातात आहे. व्ही-८ उलटी घुसत नाही, आणि अंधारात म्हातारी माणसं ती उलटीच घुसवतात. जोर लावला की आतली जीभ वाकते किंवा अख्खा जॅकच बोर्डावरून उपटतो. सी उलटी-सुलटी कशीही जाते, एवढ्यानंच माझं निम्मं गिऱ्हाईक कमी झालं. पण सीच्या मधोमध पातळ जीभ असते आणि कचरा तिच्या दोन्ही बाजूंना बसतो. सुई किंवा टाचणी घातली तर जीभ मोडते. म्हणून लाकडी काडी, फोन बंद करून.

आता खरं काम. फोन घ्यायच्या आधी त्या मॉडेलचा चार्जिंग जॅक वेगळ्या पट्टीवर आहे की मेन बोर्डावर, ते कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा. त्या पट्टीला आम्ही सब-बोर्ड म्हणतो. वेगळी पट्टी असेल तर चार-पाचशेत अर्ध्या तासात बदलून होतं. मेन बोर्डावर असेल तर सोल्डरिंग आलं, जोखीम आली. आणि ती पट्टी बाजारात मिळते का, हेही विचारा. खपाचं मॉडेल असेल तर मिळते.

सोबत वीस-तीस रुपयांत रबरी बूच मिळतं, ते जॅकला लावा. मॅग्नेटवाली पिन नको. ती लोखंडाचा कीस ओढते, आणि शेतकऱ्याच्या खिशात कीस असतोच.

---

काळी_माती

आत्ता आईला फोन करून काडीनं उकरायला सांगितलं. निघाली गोळी. आई म्हणाली, “तपकिरीची वडी झालीय नुसती.” तांब्याशिवाय चार्ज होतोय!! आता नवीन फोन घेऊ की नको?

---

वॅटमीटर

घ्या. ३२ जीबीचं दुखणं काडीनं जाणार नाही.

त्यावरच लिहायचं होतं. ६४ लिहिलेल्या फोनात सिस्टीम आणि आधीच भरलेली ॲप धरून हातात चाळीस-पंचेचाळीस जीबी येतं. व्हॉट्सॅपचा पसारा फोनमध्येच राहतो, तो कार्डावर हलवता येत नाही. म्हणजे गुलाब आणि हनुमान ६४लाही एक-दोन वर्षांत भरतील. कार्ड कीर्तनाला उत्तम, पण ते ॲपची जागा वाढवत नाही. काही फोन कार्डाला आतल्या साठवणीत जोडू देतात, त्या वाटेला जाऊ नका. कार्ड स्लो असतं, आणि मेलं की त्यावरचं सगळं गेलं.

शिवाय आकड्याइतकाच साठवणीच्या चिपचा प्रकार बघा. स्वस्त फोनांत ईएमएमसी येते, जरा वरच्यात यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एक तर वाचते नाहीतर लिहिते. यूएफएस दोन्ही एकदम करते. नव्या फोनात फरक कळत नाही. साठवण भरत आली की ईएमएमसीवाला फोन कॅमेरा उघडायलाही वेळ लावतो. तुमच्या पीक पाहणीत तेच झालं असणार. म्हणून दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवा. आणि डब्यावर ‘४+४ जीबी रॅम’ लिहिलं असेल तर त्यातली दुसरी चार ही साठवणीतूनच उसनी घेतलेली. ती बंद केलीत तरी बिघडत नाही.

---

जॅकवाला

बरोबर. ‘क’ला सिम-कार्डाचा घोळ आहे, तो ह्यांना चालणार नाही. बँकेचं सिम काढून कीर्तनाचं कार्ड घातलं की ओटीपी यायचं बंद, आणि मग गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, फोन बिघडला म्हणून. ‘ब’चं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पट्टीचं सांगतो.

एक राहिलं. नवीन चार्जर घ्याल तर केबलची एक बाजू जुनी चौकोनी आणि दुसरी सी, अशी एक घरात ठेवाच. स्वस्त टॉर्च, ट्रिमर दोन्ही बाजूंनी सी असलेल्या केबलनं कधीकधी चार्जच होत नाहीत. बनवणाऱ्यानं आतले दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. आबांची रात्रीची टॉर्च वेगळी घेऊन द्या, दोन-अडीचशेत येते. फोनची बॅटरी तिथेच निम्मी वाचेल.

---

निवांत_बसलोय

मी अजूनही ६००० म्हणतो.

---

काळी_माती

अपडेट देते, कारण अर्धवट सोडलेल्या धाग्यांचा मलाच राग येतो.

‘ब’ घेतला. जॅकवाला यांनी पट्टी वेगळी असल्याचं आणि मिळत असल्याचं सांगितलं, त्यावरच ठरलं. १८ वॅटचा चार्जर आणि चौकोनी-सी केबल वेगळी घेतली, धरून दहा हजार तीनशे. व्हॉट्सॅपचं आपोआप डाउनलोड बंद केलं, नेटवर्क नीट लावलं, बूच लावलं. टॉर्च वेगळी. जुना फोन फक्त कीर्तनासाठी ओट्यावर ठेवला, कार्ड त्यातच. म्हणजे नव्यात कार्डाची जागा रिकामीच राहिली, हे नवऱ्यानं आत्तापर्यंत चार वेळा सांगून झालंय.

दहा दिवस झाले. रात्री झोपताना तीसेक टक्के उरतं, असं आई सांगते. तंबाखूची पुडी दुसऱ्या खिशात ठेवायला आबा तयार झाले नाहीत. फोन दुसऱ्या खिशात ठेवायला झाले.

जॅकवाला, एकच विचारायचं आहे: बूच दिवसातून दोनदा काढायचं, ते हरवतंय. दोरी बांधलेलं मिळतं का?

---

जॅकवाला

मिळतं. पाच घेऊन ठेवा.