मदत हवी आहे: घेवड्यावरचा करपा रोग कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाला दाद देत नाही

नमस्कार मंडळी. कोरेगाव भागात आमच्या वाघ्या घेवड्याच्या शेंगांवर खोलगट काळपट डाग पडलेत, दमट हवेत मधोमध गुलाबीसर बुरशी दिसते. लक्षणं करप्याचीच, म्हणजे कोलेटोट्रायकम ही बुरशी. कार्बेन्डाझिम फवारूनही डाग वाढतायत. दुकानदार थायोफेनेट मिथाईल घ्या म्हणतो, पण त्याचंही झाडात कार्बेन्डाझिमच होतं! बुरशी एकाला सरावली असेल तर दुसऱ्यालाही जुमानणार नाही, पैसे मात्र जातील. त्यापेक्षा स्पर्शजन्य (झाडात न शिरता वरवरच राहून काम करणारं) मॅन्कोझेब बरं वाटतं.

डागातली बुरशी वेगळी करून, औषध मिसळलेल्या माध्यमावर (बुरशी वाढवायच्या खाद्यावर) वाढवून तपासून देणारी प्रयोगशाळा कुणाला माहीत आहे का? शेंगा ताज्या पाठवायच्या की सुकवून? बियाणं घरचंच धरतो आणि हा रोग बियाण्यातून येतो, म्हणून पुढच्या खरिपाआधी खात्री करून घ्यायची आहे.