जलरंगातल्या फिकट छटा स्कॅनमध्ये आणि फोटोत हरवतात : मदत हवी आहे

नमस्कार.

गेली तीन वर्षे मी हौसेने जलरंगात चित्रे काढते आणि पेन्सिलीने रेखाटने करते. सहा महिन्यांपूर्वी ती ऑनलाइन मांडायला सुरुवात केली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण झालेले नसल्यामुळे पाहणाऱ्यांच्या अभिप्रायातूनच मी शिकते, आणि म्हणूनच पुढची अडचण मला फार अस्वस्थ करते आहे.

चित्र टेबलावर जसे दिसते तसे पडद्यावर उतरत नाही. ओल्या कागदावर दिलेला पहिला पातळ हात, म्हणजे क्षितिजालगतचा पिवळसर गुलाबी किंवा धुक्यातल्या दूरच्या झाडांचा जेमतेम जाणवणारा करडा, स्कॅन केल्यावर कोऱ्या कागदात विरून जातो. याउलट अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगाचे जे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि प्रत्यक्षात आभाळाला हळुवार दाणेदारपणा देतात, ते स्कॅनमध्ये इतके ठळक होतात की आभाळ खरखरीत दिसते. मोबाइलने फोटो काढला तर फिकट छटा थोड्याफार टिकतात, पण पांढरा कागद मळकट करडा येतो आणि खिडकीपासून लांबचा कोपरा काळवंडतो.

मागच्या महिन्यात पावसापूर्वीच्या तळ्याचे एक चित्र मांडले होते. एका दर्दी वाचकाने त्यातल्या आभाळाच्या गडद-फिकट विरोधाचे मनापासून कौतुक केले आणि मी आभारही मानले. नंतर मूळ चित्र पडद्याशेजारी धरले तेव्हा लक्षात आले की तो विरोध माझ्या कुंचल्यातून आलेलाच नव्हता. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधली आपोआप सुधारणा चालू राहिली होती. त्याच चित्राबद्दल दुसऱ्या एकाने पुढचा भाग रिकामा वाटतो असे लिहिले, आणि तिथे तर मी गवताचे दोन पातळ हात दिले होते. स्तुती आणि दोष दोन्ही जर मी न काढलेल्या चित्राला मिळत असतील, तर त्यातून मी शिकायचे कसे? त्या दोघांनाही मी खरी परिस्थिती कळवली आहे.

आतापर्यंत केलेले प्रयत्न असे : आपोआप सुधारणा बंद केली, ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केले, फोटो खिडकीजवळ काढून पाहिले आणि उजेड कमी पडला तेव्हा खोलीतला दिवाही लावला. कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम), म्हणजे जाड आणि खरखरीत पोताचा आहे, तरीही भरपूर पाणी वापरल्यामुळे कडांना थोडा उचललेला असतो आणि स्कॅनमध्ये तेवढाच भाग धूसर येतो. रेखाटनांची तऱ्हा निराळी आहे : फोटोत गडद भागातले ग्रॅफाइट चमकते आणि जिथे सर्वांत काळे हवे तिथेच राखाडी दिसते.

स्कॅनर वापरावा की कॅमेरा, आणि नंतर संगणकावर किती दुरुस्ती करणे प्रामाणिकपणाचे ठरेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद

तुमच्या कडा धूसर येतात त्यावरून तुमचा स्कॅनर सीआयएस प्रकारचा असावा असे वाटते. हे स्कॅनर पातळ आणि हलके असतात, पण काचेला अगदी चिकटलेली वस्तूच त्यांना स्पष्ट दिसते. सीसीडी प्रकारच्या स्कॅनरमध्ये काचेपासून थोडा वर असलेला भागही स्पष्ट येतो. नवा स्कॅनर घेण्यापूर्वी कागद सपाट करून पाहा : चित्र पूर्ण वाळल्यावर पाठची बाजू किंचित दमट करावी, दोन स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जड वजन द्यावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. रंगाच्या बाजूला पाणी लागता कामा नये.

आभाळ खरखरीत दिसते त्याला बहुधा रंगाच्या कणांइतकीच कागदाच्या पोताची सावलीही कारण आहे, कारण बहुतेक स्कॅनरमध्ये दिव्याचा उजेड एकाच बाजूने पडतो. तेच चित्र १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा आणि दोन्ही प्रती एकमेकींवर बसवून त्यांची सरासरी घ्या. सावल्या बऱ्याच पुसल्या जातात आणि अल्ट्रामरीनचा खरा दाणेदारपणा मागे उरतो. काम वेळखाऊ आहे, पण मोठ्या आभाळासाठी मी ते दर वेळी करतो.

तरीही तुमच्यासारख्या फिकट, ओल्या चित्रांसाठी मी कॅमेराच सुचवीन. कागद मळकट येतो कारण कॅमेरा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून उजेड मोजतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी घेतला जाणारा उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र मात्र कधीही वापरू नका, कारण दोन रंगांचे उजेड एकाच दुरुस्तीने जुळत नाहीत. रंग जुळवण्यासाठी चित्राशेजारी तटस्थ करड्या रंगाचे कार्ड ठेवावे. कार्डाऐवजी कागदाची कोरी कड वापरली तर कागदाचा मूळचा दुधाळपणाही पुसला जातो. रेखाटनांसाठी उजेड बाजूने, सुमारे ४५ अंशांतून येऊ द्या आणि कॅमेरा कागदाला समांतर ठेवा. ग्रॅफाइटची चमक बरीच कमी होईल. फाइल एसआरजीबी या बहुतेक पडद्यांना समजणाऱ्या रंगपद्धतीत जतन करा, नाहीतर दुसऱ्याच्या पडद्यावर रंग आणखी बदलतील. ओपेरा पिंक या झगझगीत गुलाबीसारखा प्रतिदीप्त (फ्लुरोसंट) रंग वापरत असाल, तर त्याची झळाळी कोणत्याही उपायाने पडद्यावर येणार नाही.

प्रामाणिकपणाबद्दल माझे मत असे आहे की जी दुरुस्ती पडद्यावरचे चित्र मूळ चित्राच्या जवळ नेते ती करण्यात काहीही गैर नाही, उलट ती केलीच पाहिजे. मूळ चित्र दिवसाउजेडी शेजारी ठेवा आणि दोन्ही जुळू लागली की हात थांबवा.

धागाकर्ती

आपण इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. दिवा आणि खिडकी एकत्र वापरणे ही माझी मोठी चूक होती हे आता कळले. तळ्याचे चित्र आज रात्री वजनाखाली ठेवते आहे. उद्या सकाळी नुसत्या खिडकीच्या उजेडात फोटो काढून जुन्या स्कॅनशेजारी इथेच मांडीन. पुढच्या भागातले गवत तुम्हाला दिसते का, ते कृपया सांगावे.