पुस्तकाच्या मसुद्यांचा माग कसा ठेवावा?

महालकर
नागपूरच्या तलावांवरचं पुस्तक सुरू आहे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा अशी ११ प्रकरणं. लेखक दोन, ते वर्डमध्ये लिहितात. संपादक लिब्रेऑफिस वापरतात. फाइल ईमेलने फिरते आणि ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम खरी’ असा ढीग झालाय. कोणता परिच्छेद कोणी बदलला ते दिसावं, जुना मजकूर परत मिळावा. गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) शिकावंच लागेल का?

फुटाळाकाठ
कमांड लाइनची सवय कोणालाच नसेल तर गिटच्या वाटेला जाऊ नका. दर प्रकरणाची वेगळी फाइल करून गूगल डॉक्समध्ये ठेवा. टप्पा संपला की आवृत्ती इतिहासात जाऊन त्या आवृत्तीला नाव द्या, उदा. ‘प्रकरण ४, संपादनाआधी’. एका डॉक्युमेंटला अशी ४० नावं देता येतात. हे टाळू नका, कारण बिननावाच्या जुन्या नोंदी कालांतराने एकमेकींत मिसळल्या जाऊ शकतात आणि नेमका हवा तो मसुदा हाती लागत नाही.

लिब्रेऑफिसच्या ‘व्हर्जन्स’वर मात्र विसंबू नका. त्या आवृत्त्या लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या ओडीटी फाइलच्या पोटात राहतात. ‘सेव्ह ॲज’ने काढलेल्या प्रतीत येत नाहीत. तुमचे संपादक डॉकएक्स (वर्डची फाइल) परत पाठवणार, म्हणजे तो इतिहास तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

गोरेवाडा
एकाची जरी शिकायची तयारी असेल तर गिट घ्याच. अडचण एवढीच की डॉकएक्स ही झिप केलेली फाइल असते, त्यामुळे गिटला आतला मजकूर दिसत नाही. ‘बायनरी फाइल बदलली’ इतकंच सांगतं. पॅनडॉक या फाइलींचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुराच्या फाइलीत) काढा आणि एका ओळीत एकच वाक्य ठेवा. अख्खा परिच्छेद एका ओळीत असला तर एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो. फाइलींची नावं मराठीत असतील तर गिटचं ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग फॉल्स करा, नाहीतर नावाऐवजी आकड्यांची रांग दिसेल.

महालकर
वर्डच्या ‘कंपेअर’मध्ये (दोन फाइलींच्या तुलनेत) ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असे न बदललेले शब्दही लाल दिसतात. कशामुळे?

गोरेवाडा
दोन कीबोर्डांमुळे. तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो: कुठे ‘ऱ’ आणि हलंत, कुठे साधा ‘र’, हलंत आणि अदृश्य जोडक. डोळ्यांना फरक नाही, संगणकाला आहे. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) ‘र’ आणि नुक्ता जोडून ‘ऱ’ करतं, पण जोडकवाल्या रूपाला हात लावत नाही. म्हणून मार्कडाउन फाइलीत ‘र, हलंत, जोडक’ ही तीन चिन्हं एकत्र शोधून तिथे ‘ऱ, हलंत’ घाला. सगळेच जोडक उडवू नका, मुद्दाम मोडून लिहिलेली जोडाक्षरं बदलतील. ही सफाई एका वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलांच्या नोंदीत) करा, म्हणजे लेखकांच्या खऱ्या बदलांत ती मिसळणार नाही.

फुटाळाकाठ
एखादं प्रकरण कृतिदेवमध्ये (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) असेल तर ते सर्वांत आधी युनिकोडमध्ये आणा. नंतर आणलंत तर त्या प्रकरणाची ओळ न् ओळ बदललेली दिसेल.