रोजच्या धबडग्यात गाठींचे दागिने करणारं कुणी आहे का? ब्रेसलेट पिळतंय, मदत हवी

मधुरा_चिंचवड

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच.

नोकरी, मुलगी पहिलीत, घरी सासूबाई, नवऱ्याची शिफ्ट ड्यूटी, त्यामुळे माझा असा वेळ म्हणजे रात्री साडेदहानंतरचा अर्धा तास. गेल्या दिवाळीत मुलीच्या शाळेत आयांसाठी आकाशकंदिलाचं वर्कशॉप होतं, तिथे एका ताईंनी मॅक्रमच्या (म्हणजे नुसत्या गाठी घालून करायच्या कामाच्या) दोऱ्याचं एक छोटं ब्रेसलेट करून दाखवलं आणि मला ते इतकं आवडलं की दुसऱ्याच रविवारी मी पुण्यात बोहरी आळीत जाऊन दोरे आणि लाकडी मणी घेऊन आले. तेव्हापासून रोज थोडं थोडं करतेय. दिवसभर ऑफिसात केलेलं काम संध्याकाळी दिसत नाही, इथे बोटभर का होईना पट्टी वाढलेली दिसते, त्यानेच मला बरं वाटतं.

आता अडचणी सांगते.

1. साधी चौकोनी गाठ घालतेय (दोन दोऱ्या मध्ये, दोन बाजूंना) पण पट्टी सपाट न येता जिन्यासारखी पिळत जाते. व्हिडिओत बघून तसंच करते तरी पिळते. चार ब्रेसलेटं अशीच झाली.

2. दोरी नेहमी कमी पडते. पाच इंच झालं की बाजूच्या दोऱ्या संपतात आणि मधल्या हातभर उरतात.

3. टोकं सुटून कापसासारखी होतात. मेणबत्तीवर धरली तर काळी पडून जळाली.

4. तुम्ही वेळ कसा काढता? मला मध्येच उठावं लागतं, मुलगी झोपेत हाक मारते, कुकर लावायचा राहिलेला असतो. अर्धवट टाकलं तर बिघडतं का?

आणि एक, सासूबाईंकडे जुना मोत्यांचा तन्मणी आहे, सर तुटलेला, मोती एका डबीत. त्या परवा म्हणाल्या की तू गाठी शिकतेयस तर हे पण गाठव. मला भीतीच वाटली. घरी जमण्यासारखं आहे का ते?

---

जुना_स्काउट

मधुराताई, मी दागिने करत नाही पण तुमचा पहिला प्रश्न वाचून राहवलं नाही कारण ही चूक आम्हाला शाळेत स्काउटच्या सरांनी शिकवताना हमखास व्हायची. बँडेज बांधायची रीफ नॉट असते ना, उजवं डाव्यावर आणि मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर घातलं की गाठ आडवी बसते आणि ताण आला की सरकते. तुमची चौकोनी गाठ म्हणजे तीच गाठ, फक्त मध्ये दोन दोऱ्या आहेत. तुम्ही प्रत्येक वेळी एकाच बाजूने सुरुवात करताय, म्हणून पिळतंय. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, असं केलं की सपाट येईल.

---

निशिगंधा_क

स्काउटदादांनी बरोब्बर सांगितलं. पण रात्री साडेदहाला डोळ्यांवर झोप असताना मागची गाठ कुठल्या बाजूने घातली हे लक्षात राहत नाही गं, मी पण यातून गेलेय, म्हणून एक युक्ती सांगते. बाजूच्या दोन दोऱ्या दोन वेगळ्या रंगांच्या घे, समजा एक लाल एक पिवळी. नियम एकच, लाल दोरी कायम पुढून जाणार आणि पिवळी कायम मागून. लाल डावीकडे असेल तर डावीकडून पुढे आण, उजवीकडे गेली असेल तर उजवीकडून पुढे आण. बास. पिळ येणारच नाही. आणि पट्टीवर मध्ये लाल आडव्या रेघा आणि कडेला पिवळे ठिपके असं आपोआप डिझाइन दिसतं. मध्येच उठून गेलीस तरी आल्यावर लाल कुठे आहे एवढंच बघायचं. हात बसला की मग एकरंगी कर.

तुझी ती चार पिळलेली ब्रेसलेटं उसवू नकोस बरं का. तो पिळाचा पॅटर्न लोक मुद्दाम करतात, फक्त चार-पाच गाठींनंतर पट्टी अर्धी वळली की दोऱ्या वळणाच्या बाजूने फिरवून घ्यायच्या, म्हणजे पिळ एकसारखा पडतो.

दोरीचं माप: बाजूची दोरी तयार पट्टीच्या चार ते पाच पट लागते. सहा इंच पट्टी हवी तर प्रत्येक बाजूला तीस इंच, म्हणजे एकच दोरी मधून दुमडून घेणार असशील तर पाच फूट. मधल्या दोऱ्यांना गाठच नसते, त्या सरळ जातात, त्या पंधरा-सोळा इंच पुरतात, टोकं बांधायला धरून. तू बहुतेक चारही सारख्या कापतेस. हे माप 1 एमएमच्या दोरीचं आहे, जाड दोरी अजून खाते.

टोकांचं: तुझी दोरी सुती आहे. सुती दोरी जळून राख होते, नायलॉन आणि पॉलिस्टर वितळतं. दुकानातून आणल्यावर आधी एक इंचाचा तुकडा जाळून बघायचा, कडक मणी झाला तर टोकं जाळून बसवता येतील. ज्योतीत घालू नकोस, ज्योतीच्या बाजूला धर, आणि मऊ झालं की चमच्याच्या पाठीने दाब. बोटाने अजिबात नको, वितळलेलं नायलॉन चिकटतं आणि कातडी घेऊन निघतं, माझ्या अंगठ्यावर अजून डाग आहे. सुती दोरीला मोठ्या भोकाची सुई घेऊन टोक मागच्या बाजूने दोन-तीन गाठींच्या खालून ओवून घे, मग फॅब्रिक ग्लूचा एक थेंब, रात्रभर वाळू दे, सकाळी काप. आणि काम चालू असताना टोकांना सेलोटेप गुंडाळ, पिळाची दोरी असेल तर हे हवंच, नाहीतर मणी ओवायच्या वेळेपर्यंत झाडू होतो.

---

सुईदोरा_बदलापूर

मी तुमच्या चौथ्या प्रश्नाला उत्तर देते कारण माझं सगळं काम लोकलमध्ये होतं. बदलापूर ते दादर, बसायला मिळालं तर सव्वा तास. आमच्या डब्यात मटार सोलणाऱ्या आहेत, क्रोशा विणणाऱ्या आहेत, मी गाठी घालते. मुलाचा परीक्षेचा पॅड असतो ना क्लिप असलेला, तो मांडीवर, क्लिपमध्ये दोऱ्यांचं डोकं अडकवायचं. जागा नसेल तर सेफ्टी पिनने सरळ सलवारच्या गुडघ्याला. कात्री ऐवजी नेलकटर, दोरी छान तुटते. जाळायचं काम फक्त घरी, गाडीत काडी-लायटर काही काढायचं नाही.

अर्धवट टाकलं तर काही बिघडत नाही हो. विणकामात सुईवरून टाका निसटला की खालपर्यंत उसवत जातं, इथे प्रत्येक गाठ स्वतःपुरती पक्की असते. माझं स्टेशन आलं की मी गाठीच्या मध्यावर थांबते, पॅड पिशवीत, संध्याकाळी तिथूनच पुढे. मी सासऱ्यांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून केलेली एक माळ आहे, तीन आठवड्यांत तुकड्या-तुकड्याने झाली, कधी दिवसाला दहा गाठी कधी एकही नाही. ती मी विकली नाही आणि कुणाला दिलीही नाही, माझ्या कपाटात आहे.

एक मात्र सांगते, लहान मूल आहे घरात तर मण्यांना झाकणाचा डबा ठेवा. पहिलीतलं मूल समजूतदार असतं पण घरी येणाऱ्या मैत्रिणींची धाकटी भावंडं नसतात, मणी तोंडात जायला वेळ लागत नाही.

आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर त्या दिवशी बंद. अर्ध्या तासात एकदा तरी हात झटकून मुठी उघड-बंद करायच्या. मी दुर्लक्ष केलं आणि दोन महिने पट्टा लावून बसले, पोळ्या लाटणंसुद्धा अवघड झालं होतं. थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, बाम चोळत बसू नका.

---

काळीपोत

तन्मण्याचं वाचून लिहायला आले. माझं माहेर कोल्हापूर, गुजरीच्या जवळ. आमच्याकडे लहानपणी पटवेकरी काका होते, आईची पोत, ठुशी, आजीची बोरमाळ सगळं त्यांच्याकडे गाठवायला जायचं. मी त्यांच्यासमोर पायरीवर तासन् तास बसायचे. ते रेशमाचा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणायचे, दोन्ही हात मोकळे, आणि बोटं इतकी भरभर चालायची की गाठ पडताना दिसायचीच नाही, पडलेलीच दिसायची. ठुशीच्या मागचा दोरा आणि गोंडा असतो ना जो सरकवून गळ्याला सैल-घट्ट करतात, तो ते कलाबतू, म्हणजे जरीचा दोरा, गुंडाळून करायचे. तुम्ही ब्रेसलेटला जी सरकती गाठ घालता, दोन्ही टोकं एकावर एक ठेवून त्यावर चार-पाच चौकोनी गाठी, तिचं काम तेच आहे. त्यामुळे हे काही परदेशातून आलेलं नवीन वेड नाही, आपल्या गळ्यातल्या प्रत्येक दागिन्याच्या मागे कुणीतरी घातलेली गाठ होतीच, फक्त आपण पुढची वाटी आणि मोती बघतो. याचं मला फार वाटतं, कारण काका गेल्यावर त्यांच्या मुलांनी ते काम पुढे चालवलं नाही आणि आता आईची पोत मशिनच्या तारेत ओवलेली आहे, दर दीड-दोन वर्षांनी तुटते.

आता कामाचं. मोती नुसते ओवत नाहीत, गाठवतात, म्हणजे दर मोत्यानंतर गाठ. एक म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत, दुसरं म्हणजे सर तुटला तरी एखादाच मोती निसटतो, बाकीचे जागेवर राहतात. सासूबाईंचे सगळे मोती डबीत आहेत म्हणजे मधल्या कुठल्यातरी वेळी ते गाठी न घालता ओवले गेले असावेत असं मला वाटतं.

घरी जमतं, पण लगेच नाही. पद्धत अशी: रेशमाचा दोरा दुहेरी, मोती ओवला की दोऱ्याची सैल गाठ घालायची, ती ओढायची नाही. त्या सैल गाठीच्या मधोमध एक सुई घालायची आणि सुईने गाठ ढकलत ढकलत थेट मोत्याला टेकवायची. मोत्याला टेकली की सुई तिथेच धरून दोरा ओढायचा आणि अगदी शेवटच्या क्षणी सुई काढून घ्यायची. सुई आधी काढली तर गाठ मोत्यापासून लांब पडते आणि मध्ये दोरा दिसतो. आणि ही निरगाठ आहे, सुरगाठ नाही, एकदा बसली की सुटत नाही, कापावीच लागते. म्हणून पहिला सर खऱ्या मोत्यांचा नको. तुळशीबागेत मिळतात ते काचेचे किंवा प्लॅस्टिकचे मोती आण, किमान दोन पूर्ण सर गाठव, शेजारी शेजारी ठेवून बघ. गाठी सारख्या दिसायला लागल्या की मग डबी उघड.

मोती ओवायच्या आधी मोजून कागदावर लिहून ठेव आणि पांढऱ्या टॉवेलवर काम कर, ताटात नको, ताटात घरंगळतात. दोरा मोत्याच्या भोकातून जेमतेम जाईल इतकाच जाड हवा, गाठ भोकापेक्षा मोठी व्हायला हवी नाहीतर ती आत शिरते. गाठींमुळे सर थोडा लांब होतो हे धरून चाल. तन्मण्याला दोन-तीन सर असतात, सगळे सारखे पडायला हवेत, आणि खोडाच्या, म्हणजे मधल्या पदकाच्या, पाठीमागची जोडणी अवघड असते, ती मात्र सराफाकडून करून घे. आणि झाल्यावर सासूबाईंना सांग, अत्तर-पावडर सगळं झाल्यावर शेवटी घालायचा, आणि घामाने ओला असेल तर पुसून वाळवूनच ठेवायचा, ओलं रेशीम ताणलं की सैल पडतं.

---

वैशाली_नाशिक

सगळ्यांनी छान लिहिलंय, मी वेगळंच सांगते. मधुरा, थोड्या दिवसांत मैत्रिणी म्हणतील की ऑर्डर घे. मी घेतल्या. राखीच्या आधी चाळीस राख्या, एका दमात. दोरे आणि मणी यांचे पैसे मोजले पण वेळ मोजलाच नाही, एका राखीला पाऊण तास लागत होता आणि मी साठ रुपये लावले होते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून केल्या, शेवटच्या दहा राख्यांना हात लावावासा वाटेना आणि नंतर चार महिने मी दोऱ्याची पिशवी उघडली नाही. मला त्याचं खूप वाईट वाटलं कारण ते माझं एकटीचं होतं आणि मीच ते कामाला लावलं. विकायला ना नाही, पण आधी घड्याळ लावून एक पीस कर, मग भाव ठरव, आणि महिन्याला किती ते आधीच सांगून टाक. मी आता महिन्याला चारच घेते.

---

मधुरा_चिंचवड

अगं किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आठवडाभर करून बघून मग लिहितेय.

लाल-पिवळी युक्ती चालली! पट्टी सपाट आली, पहिल्याच रात्री. पाच फूट दोरी घेतली तर शेवटी वीतभर उरली, मी गाठ जास्त घट्ट ओढते बहुतेक. मुलीने ते शाळेत घालून जायचा हट्ट धरला, शाळेत चालत नाही म्हणून आता घरी आल्या आल्या घालते. तिला पॅडवर एक मोठी जाड दोरी लावून दिलीय, "लाल पुढून" असं मोठ्याने म्हणत करते.

वैशालीताई, ऑफिसातल्या दोघींनी खरंच विचारलं होतं, मी "हो बघते" म्हणून बसले होते. आता घड्याळ लावून बघितलं, एका ब्रेसलेटला सव्वा तास. त्यांना सांगितलं की सध्या नाही.

काळीपोतताई, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या पटवेकरी काकांचं ऐकून म्हणाल्या की त्यांच्या सासूबाई पण अंगठ्याला दोरा अडकवून वाती वळायच्या. मग डबी आणली, आम्ही दोघींनी मोजले, एकशे तेरा निघाले, त्यातल्या तिघांना भोकाजवळ चीर आहे. त्यांनी स्वतःहून सांगितलं की आधी खोट्यांवर कर, घाई नाही. प्लॅस्टिकच्या मोत्यांचा अर्धा सर झालाय, पहिल्या दहा गाठींत दोरा दिसतोय, पुढच्या जरा बऱ्या आहेत. चीर असलेले तीन ओवू की बाजूला ठेवू?

---

काळीपोत

बाजूला ठेव. चिरेच्या कडेने रेशीम कापलं जातं आणि गाठ ओढताना मोती फुटू शकतो. सगळ्यात लहान मोती मागच्या बाजूला, मोठे पुढे, असं आधी टॉवेलवर मांडून घे आणि मग ओव. पहिला खरा सर झाला की फोटो टाक.